आप्पांचं उत्तर

अक्काच्या त्या पत्राला आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं, ही गोष्ट घरात कोणापासून लपलेली नव्हती. उलट तिची म्हणच झाली होती. नळ दुरुस्त करणारा "येतो, येतो" म्हणून आलाच नाही, की धाकटी म्हणायची, "त्याचं आप्पांचं उत्तर झालं." थोरल्याने बायकोला समुद्रकिनारी न्यायचं कबूल केलं आणि वर्षं लोटली, तेव्हा सूनबाईनेही हाच शब्द वापरला. आप्पांनी त्या वेळी वर्तमानपत्र थोडं वर धरलं होतं, एवढंच.

अक्का त्यांची मोठी बहीण. पेशाने नर्स. तरुणपणी चर्चच्या मंडळीतल्या चारसहा जणांबरोबर, एका मदत संस्थेच्या तुकडीतून ती समुद्रापलीकडे गेली. वर्षभरासाठी म्हणून गेली आणि तिथलीच झाली. लढाईने घरदार सुटलेल्या लोकांची तिथे तंबूंची वस्ती होती. पहिल्याच हिवाळ्यात तिने लिहिलं: "इथे सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून बायका शिवण सोडून देतात. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मुलं शाळा सोडतात. डोळ्यांना काही झालेलं नाही, फक्त चष्मा नाही. चष्मे करणारं माणूस इथे कोणी नाही. तू येतोस का?"

आप्पांनी तेव्हा घराच्या खालच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत नुकतंच चष्म्याचं दुकान थाटलं होतं. उत्तर त्यांनी लगेच लिहायला घेतलं. पहिलं फार पुस्तकी झालं, कुठल्याशा प्रवासवर्णनातून उचलल्यासारखं. फाडलं. दुसरं कोरडं झालं. तिसऱ्यात 'येतो' लिहिलं, आणि वाचून पाहिलं तर ते भलत्याच कोणा धाडसी माणसाने लिहिलंय असं वाटलं. 'येत नाही' लिहायला मात्र हात धजला नाही. मग लग्न झालं, थोरला झाला, धाकटी झाली, दुकान चाललं, दुकान मिटलं. अक्का अधूनमधून रजेवर येई. फोन तर दर रविवारी. दोघं जगातल्या सगळ्या गोष्टी बोलत, तेवढी एक सोडून. तिने पुन्हा विचारलं नाही. ह्यांनी सांगितलं नाही. घरात एखादी जास्तीची खुर्ची असावी, तसा तो प्रश्न दोघांच्या मधे असायचा. कोणी त्यावर बसत नव्हतं आणि कोणी उचलून आतही ठेवत नव्हतं.

आणि आता, त्या शनिवारी सकाळी, आप्पांच्या जेवणाच्या टेबलावर चष्म्यांचा डोंगर झाला होता.

हा सगळा उद्योग भिंगरीचा. भिंगरी म्हणजे थोरल्याची मुलगी. लहानपणापासून एका जागी टिकली नाही म्हणून भिंगरी. अक्काच्या वळणावर जाऊन तीही नर्स झाली होती, आणि पुढच्या महिन्यात मंडळीतल्या पाच जणांबरोबर त्याच संस्थेतर्फे अक्काच्या वस्तीत चालली होती. मंडळीने गेले काही महिने उपासनेनंतर जुने चष्मे गोळा केले होते. पोतीच्या पोती भरली. सोमवारी खोका बंद होऊन जहाजाने पुढे जायचा होता. पण संस्थेचं म्हणणं, चष्मे नंबराप्रमाणे वेगळे करून पाठवा, नाहीतर पाठवू नका. मंडळीतल्या उत्साही लोकांनी ते वेगळे केले होते खरे, पण फ्रेमच्या रंगाप्रमाणे.

"दिसायला छान दिसतं," पाळकसाहेब ओशाळून म्हणाले. ते बाह्या सरसावून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

मग आप्पांना शिकवणं भाग पडलं. चार माणसांपुढे बोलणं आप्पांना अवघड जाई, म्हणून त्यांनी ते बहुतेक हातांनीच शिकवलं. चष्मा डोळ्यांपुढे वीतभर धरायचा, काचेतून खिडकीच्या गजांची फुली बघायची आणि चष्मा हळूच डावीउजवीकडे हलवायचा. फुली चष्म्याबरोबर सरकली तर तो लांबचं न दिसणाऱ्यांसाठी. उलटी सरकली तर जवळचं न दिसणाऱ्यांसाठी. लांबचे निळ्या टोपलीत, जवळचे पिवळ्या. नेमका किती नंबर ते मागाहून आप्पा यंत्रावर बघणार.

पाच मिनिटांत घराची जत्रा झाली. सगळेच खिडकीकडे तोंड करून चष्मे हलवायला लागले. पाळकसाहेब तर असे हलवत होते, की जणू आगगाडीला निरोप देतायत. सूनबाईचा हात सगळ्यांत चपळ. थोरला विम्याच्या ऑफिसातला माणूस, तो प्रत्येक चष्मा दोनदा तपासायचा.

धाकटीची तोवर पिवळी टोपली अर्धी भरली होती. ती शहरात बस चालवायची, आणि तिला थांबे सोडून मधे थांबायची सवय नव्हती.

"दादा, तो चष्मा आहे, दावा नाही. मंजूर कर आणि पुढे जा."

"तुझ्या टोपलीत लांबचे पण पडलेत."

"पडू देत. बसमधे पण चुकीच्या बसचे दोनचार असतातच. शेवटच्या थांब्यावर कळतं."

भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या घालत सगळ्यांना चहा, बिस्किटं आणि शाबासकी वाटत होती. आप्पा खिडकीपाशी यंत्र मांडून बसले. इतकी माणसं घरात असताना त्यांना नेहमी वाटायचं, की आपण उठून पुस्तकाच्या कपाटाशी जावं. आज वाटत नव्हतं. हातात चष्मा येत होता, नंबर सांगितला जात होता, दुसरा येत होता. कोणाकोणाचे हे चष्मे, आणि आता कोणाच्या नाकावर जाऊन बसतील. आपण ह्या नाकांपर्यंत पोचलो नाही, पण चष्मे तरी पोचतील, असं त्यांच्या मनात आलं आणि ते स्वतःशीच हसले.

मग त्यांनी तिसऱ्या पोत्यातला एक चष्मा उचलला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा पुसला. उजेडात धरला. काचेवर बारीक बारीक भेगांचं जाळं होतं, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखं. दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा, चौथा. जुन्या जड काचेचे तेवढे ठणठणीत होते. हलक्या प्लास्टिकचे सगळे गेलेले.

आप्पा पुसायचे थांबेनात, तेव्हा भिंगरी मागे येऊन उभी राहिली.

"आप्पा, ह्या सगळ्यांना काय झालं?"

"गरम पाणी लागलंय," आप्पा हळूच म्हणाले. "काचेवरचा थर तडकतो."

स्वयंपाकघराच्या दारात माई उभी होती. माई म्हणजे आप्पांची बायको, मंडळीच्या महिला मंडळाची खजिनदार आणि स्वच्छतेची भोक्त्री. तिने बटाट्याची पाटी खाली ठेवली.

"गरम नाही," ती म्हणाली. "उकळतं."

गुरुवारी महिला मंडळाने तिच्या पुढाकाराने दोन पोती चष्मे मोठ्या पातेल्यांत घालून, साबण टाकून, चांगले उकळले होते. बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळतात तसे. परक्याच्या डोळ्यांना लागणार, मग ते कसे हवेत? माईच्या मनात दुसरं काही नव्हतं. आठ बायका दिवसभर उभ्या होत्या. एकेक चष्मा फडक्याने पुसून वाळवला होता.

धाकटीच्या ओठावर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. माई आत वळली. मग आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, लागोपाठ, कामाशिवाय. आप्पांना वाटलं उठून जावं, काहीतरी म्हणावं. काय म्हणावं ते सुचायला त्यांना नेहमीप्रमाणे वेळ लागला, आणि तोवर टेबलावर वाद पेटला होता.

थोरल्याचं म्हणणं, जेवढे चांगले आहेत तेवढे पाठवा, देव समजून घेईल. पाळकसाहेब म्हणाले, देव समजून घेईल, पण ज्याला पुढचं दिसत नाही तो का घेईल? वाचायचे चष्मे बाजारात तयार मिळतात, ते कितीही नेता येतील. पण लहान मुलांचं काय? त्यांचा प्रत्येकाचा नंबर निराळा, प्रत्येक डोळ्याचा निराळा. फ्रेमा सगळ्या शाबूत आहेत. काचा तेवढ्या बदलायच्या.

"मग काचा नेऊ," धाकटी म्हणाली. "खालच्या दुकानात आप्पांचे खण भरलेले आहेत. लागतील त्या आणखी मागवू. तिथे नंबर बघायचा आणि फ्रेमच्या मापाने घासून बसवायच्या."

"घासणार कोण?" थोरल्याने विचारलं. "तिकडे वीज दिवसातून दोनतीन तास असते. आजकालची सगळी यंत्रं विजेची."

भिंगरी एव्हाना खिडकीपाशी जाऊन संस्थेच्या संयोजक बाईंना फोन लावून बसली होती. तिने फोन छातीशी धरला आणि वळली. तिचे डोळे असे चमकत होते, की आप्पांनी घाईने पुढचा चष्मा उचलला.

"आप्पा, तुमचं काच घासायचं चाक पायावर चालतं ना?"

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी पुस्तकाच्या कपाटाकडे.

पुढचा अर्धा तास आप्पांना नंतर नीट आठवला नाही, कारण त्यात सगळे बोलले आणि ते बोलले नाहीत. थोरल्याने बोटांवर गुडघे मोजले, रक्तदाब मोजला, वय मोजलं. ह्या वयात माणूस घरातल्या घरात पडतो, म्हणाला, समुद्रापलीकडे पडायला कशाला जायचं? धाकटी म्हणाली, तुमच्या ऑफिसात माणूस मेल्यावरच विचारतात, का जिवंत असतानाही कधी चौकशी करतात? सूनबाई इतका वेळ थोरल्याच्या बाजूची होती, पण मधेच म्हणाली, की पासपोर्ट तर आप्पा-माई दोघांचे आहेतच. धाकटीने सहलीला न्यायचं म्हणून काढून ठेवलेत, अजून कोरे आहेत. थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरातला विश्वासू माणूस फितूर झाला. पाळकसाहेबांनी प्रार्थना करू या म्हटलं, आणि सगळे डोळे मिटून गप्प झाले तेवढ्या वेळात आप्पा जिन्याने खाली गेले.

पळून जावं म्हणून ते गेले होते. पण खाली जायला जागा एकच होती.

दुकान बंद केल्यापासून पुढच्या खोलीत कोणी फारसं येत नसे. भिंतीला खणांचं कपाट, नंबराप्रमाणे कागदात गुंडाळलेल्या कच्च्या काचा, आरशावर धूळ. कोपऱ्यात चादर घालून ठेवलेलं चाक. वरती ताटाएवढा घासायचा दगड, त्याच्यावर थेंब थेंब पाणी सोडणारी डबी, आणि खाली शिवणयंत्राला असतं तसं पेडल. आप्पांनी चादर काढली. पट्ट्यावर बोट ठेवून ओढून बघितलं. पट्टा अजून ताठ होता. त्यांच्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं, आणि ही भीती आहे का दुसरं काही, हे त्यांना ठरवता येईना. अशी धडधड त्यांना आजवर फक्त पुस्तकं वाचताना व्हायची, जिथे कोणीतरी जहाजावर चढतं त्या पानाशी.

मागे जिना वाजला. प्रार्थना आटोपती घेऊन सगळी पलटण खाली आली होती.

"एक काच करून बघू या," भिंगरी म्हणाली. तिने टेबलावरून लहान मुलाची एक लाल फ्रेम आणली होती. "नुसती बघायला. कुठे जायचं नाही, यायचं नाही."

डबीत पाणी भरलं. आप्पांनी खणातून काच काढली, फ्रेमवर ठेवून खुणा केल्या, बाकावर बसले. पाय मारला. चाक कुरकुरलं आणि फिरायला लागलं. दगडावर पाणी पसरलं, काळा काळा चकचकीत. आप्पांनी काच टेकवली आणि तो जुना आवाज आला, सर्रर्र. धाकटी म्हणाली, ऐकलंस दादा? आपण ह्या आवाजावर अभ्यास केलाय. आप्पांना ते ऐकू आलं, आणि हातांना सगळं आठवतंय हेही कळलं. अंगठ्याने काच किती दाबायची, मनगट कधी वळवायचं. अर्धी कड निघाली. छान निघाली.

आणि उजवा गुडघा बोलला. पाय मधेच थांबला, चाक रेंगाळलं, त्यांनी घाईने जोर दिला, चाकाने हिसका मारला. टच. काचेच्या कडेचा टवका उडाला.

आप्पांनी काच खाली ठेवली. पाणी थेंब थेंब पडत राहिलं.

"मी म्हणालोच होतो," ते म्हणाले. खरं तर ते काहीच म्हणाले नव्हते. सुटलो, असं त्यांना वाटलं. लगेच पाठोपाठ दुसरंही काही वाटलं, आणि ते सुटल्यापेक्षा बरंच मोठं होतं.

"असू दे आप्पा," थोरला म्हणाला. इतक्या मऊपणाने म्हणाला, की त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सरका जरा."

माई होती. ती कधी खाली आली कोणी पाहिलं नव्हतं. उकळल्यापासून, म्हणजे उकळल्याचं कळल्यापासून, ती कोणाशी एक अक्षर बोलली नव्हती. तिने भिंतीकडचं स्टूल ओढलं, चाकाच्या पलीकडच्या बाजूला मांडलं, साडी सावरून बसली आणि पेडलवर पाय ठेवला.

"अगं, तुला—"

"धरा काच. दुसरी घ्या. ती गेली."

आप्पांनी दुसरी काच घेतली. माईने पाय मारला. चाक असं फिरायला लागलं, की जणू त्याला कधी थांबायचं माहीतच नव्हतं. एकसारखं, शांत, विहिरीच्या रहाटासारखं. तिचं लक्ष चाकाकडे नव्हतं, आप्पांच्या हातांकडे होतं. ते मनगट वळवायला लागले की ती किंचित सैल सोडायची, सरळ कड आली की जोर द्यायची. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं.

"माई, तुला हे कधीपासून येतं?" धाकटीने विचारलं.

"हा दादा तुझा पोटात होता तेव्हापासून. ह्यांना आधी काच धरताना पाय सुचायचा नाही. पाय सुचला तर काच सुचायची नाही. मग मी बसायला लागले." तिने थोरल्याकडे मान वळवली, पाय न थांबवता. "नंतर तू मांडीवर असायचास. चाक थांबलं की रडायचास. आणि आता वर बसून गुडघे मोजतोस."

थोरला चष्मा काढून पुसायला लागला. त्याचा स्वतःचा.

आप्पांनी काच फ्रेममधे बसवली. कट्, असा बारीक आवाज आला आणि ती बसली. भिंगरीने लाल चष्मा घेतला, दारातल्या उजेडात धरला, हळूच हलवला.

"चौकट बरोबर सरकतेय," ती म्हणाली, आणि मग काय झालं कोणास ठाऊक, तिने आप्पांच्या गळ्यात हात टाकले, कपडे काळे होतील ह्याची पर्वा न करता. पाळकसाहेबांनी टाळी वाजवली आणि मग, पाळकाने वाजवावी का अशा विचाराने, अर्ध्यातच थांबवली. सूनबाईने पूर्ण वाजवली.

त्यानंतर मात्र घर आवरेना. भिंगरीने संयोजक बाईंना पुन्हा फोन लावला. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी दोघांना ठीक म्हटलं तर दोघांची जागा होईल, आणि चाक मात्र खोक्यात मावलं पाहिजे. धाकटी खोक्याचं माप घ्यायला पळाली. पाळकसाहेब उद्याच्या उपासनेत काय सांगायचं ते पुटपुटायला लागले.

"म्हणजे माई पाय मारणार आणि आप्पा काच धरणार," थोरला हरलेल्या वकिलासारखा म्हणाला. "एकाच्या काळजीच्या जागी दोघांची."

"मग काय ह्यांना एकट्याला पाठवू?" माई म्हणाली. "तिकडेही पुस्तक उघडून बसतील. रांग लागेल बाहेर." मग आवाज खाली आणून, कोणाकडे न बघता, "दोन पोती मी घालवली. ती मीच भरून देणार."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात जे म्हणायचं सुचलं नव्हतं, ते अजूनही सुचलं नाही. त्यांनी कोपऱ्यातलं कोरडं फडकं उचललं आणि तिच्या पायांवर उडालेलं काळं पाणी वाकून पुसलं. मुलांच्या देखत. माई म्हणाली, "अहो, काय हे," पण पाय मागे घेतला नाही.

थोरला चाकाभोवती एक फेरी मारून आला. खाली वाकला. "हे सुटं करायचं तर प्रत्येक नटाला खूण करायला हवी," तो म्हणाला. "नाहीतर तिकडे जाऊन जोडणार कसं? तुम्ही दोघांनी माझ्यासमोर एकदा सोडून, पुन्हा जोडून दाखवायचं. त्याशिवाय खोका बंद होणार नाही." मग तो पाने शोधायला गेला, आणि धाकटीने त्याच्या पाठीकडे बघून आप्पांना डोळा मारला. दादाची मंजुरी अशीच येते, अटींसकट.

भिंगरी एकदम थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"आप्पांना कोणी विचारलं का?" ती म्हणाली.

खरंच, कोणी विचारलं नव्हतं.

"आप्पा," भिंगरी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "येताय का?"

अक्काच्या पत्रातलाच प्रश्न. आप्पांनी तोंड उघडलं. त्यांनी डबीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहिलं, मग खणांकडे, मग जिन्याकडे.

"उत्तर देतो," ते म्हणाले आणि उठून वर गेले.

मागून धाकटीचा आवाज: "झालं. आप्पांचं उत्तर." आणि सगळ्यांचं हसू, मनापासूनचं, पण थोडं घाबरलेलं.

आप्पा पुस्तकाच्या कपाटाशी गेले. पुस्तक मात्र काढलं नाही. खालच्या कप्प्यातून कागद काढला, टेबलावरचे चष्मे कोपराने सारले आणि बसले. वरती, निळ्या टोपलीच्या सावलीत, लिहायला लागले. पहिलं वाक्य लिहिलं आणि ते पुस्तकी वाटलं. राहू दिलं. दुसरं कोरडं वाटलं. तेही राहू दिलं. कागदाला काळी बोटं लागली होती, तीही राहू दिली.

"प्रिय अक्का, तू विचारलं होतंस, येतोस का. हो, येतो. हिला बरोबर आणतोय, कारण चाक ती चालवते, मी फक्त काच धरतो. उशीर झाला. सुईत दोरा ओवता न येणाऱ्या त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या असतील. त्यांना म्हणावं, सुया काढून ठेवा. तुझा भाऊ."

ते पाकीट चिकटवून खाली आले तेव्हा थोरल्याच्या हातात पाना होता आणि भिंगरीने नखं खायला घेतली होती. आप्पांनी पाकीट वर धरलं, एवढंच. पत्ता सगळ्यांनी वाचला.

धाकटीने तोंडावर हात घेतला.

"आप्पा, फोन करू की," थोरला म्हणाला. "आत्ता लावतो. तिकडचं टपाल म्हणजे महिना, दोन महिने. तुम्ही आधी पोचाल, पत्र मागून येईल."

"तिने पत्रातून विचारलं होतं," आप्पा म्हणाले.

"आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं तर?"

"तर ते डॉक्टरांचं उत्तर. हे माझं."

इतकं सलग ते मुलांसमोर क्वचितच बोलले असतील. थोरल्याने पाना खाली ठेवला आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

पत्रपेटी रस्त्याच्या टोकाला, बेकरीच्या भिंतीला. माई बरोबर निघाली. गुडघा बोलत होता, पण आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. दुपारचं ऊन पडलं होतं आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावरचा चष्मा त्यांना दिसत होता. हा जवळचा, हा लांबचा, ह्याची काडी वाकलीय. एकदम त्यांना वाटलं, दोन महिन्यांनी हे पत्र तिथे येईल तेव्हा आपण तिथेच असू. अक्का आपल्यासमोर बसून ते वाचेल. तेवढ्या वेळात बघायचं कुठे? ते शरमले, आणि मग त्यांना हसू आलं. काच घासताना बघतो तिथे बघू.

पेटीशी आल्यावर त्यांनी पाकीट फटीत घातलं. अर्धं गेलं. तिथे त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" माईने विचारलं.

"दुसरं वाक्य," आप्पा म्हणाले. "ते जरा बरं करता आलं असतं. 'हो, येतो' ह्याच्या आधी काहीतरी हवं होतं असं वाटतं. निदान एखादा..."

माईने त्यांच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. चाकावर बसल्यावर पाहायची तसंच.

"सोडा आता," ती म्हणाली.

आप्पांनी सोडलं. पेटीच्या तळाशी, आधीच्या पत्रांवर, ते पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.